तापलेलं टायटॅनियम आणि आतले तंतू

जेट इंजिनाच्या पुढच्या, तुलनेने थंड भागात टायटॅनियम उत्तम काम करतं. पण 550-600 अंश सेल्सिअसच्या पुढे ते ताणाखाली संथपणे लांबत जातं. याला क्रीप म्हणतात. म्हणून त्यात सिलिकॉन कार्बाइडचे सुमारे 0.14 मिलिमीटर जाडीचे तंतू घालतात.

तंतू आणि धातूचे पातळ पत्रे एकावर एक रचून सुमारे 900 अंशांवर प्रचंड दाबाखाली एकजीव करतात. खरी गंमत थंड होताना घडते. टायटॅनियम तंतूच्या जवळपास दुप्पट आकसतं आणि बैलगाडीच्या चाकावर तापवून चढवलेल्या धावेसारखं तंतूला आवळून बसतं. धातू मात्र बाहेरून काही भार नसतानाही तंतूंच्या दिशेने ताणलेलाच राहतो.

आता हा तुकडा पुन्हा तापवा. पकड सैल पडते. भार तंतूंच्या दिशेने असेल तर फारसं बिघडत नाही: धातू क्रीपमुळे अंग काढून घेतो, भार तंतूंवर जातो, आणि या तापमानाला तंतू जवळजवळ लांबतच नसल्याने सगळंच थबकतं. आडव्या दिशेने ओढलं तर मात्र तंतू धातूपासून सुटतो आणि त्याची जागा पोकळीसारखी वागते. मग तुकडा साध्या टायटॅनियमपेक्षाही कमजोर ठरतो. कॉम्प्रेसरच्या फिरत्या कड्यांसाठी हे मिश्रण सुचवलं जातं ते याचमुळे. तिथला मुख्य ताण परिघाच्या दिशेने असतो, आणि तंतूही तसेच गुंडाळता येतात.

तंतूच्या ताकदीचे आकडे पाहून हुरळून जाण्यात अर्थ नाही; निकाल लागतो तो तंतू आणि धातू भेटतात त्या सीमेवर. तापलेलं टायटॅनियम सिलिकॉन कार्बाइडशी अभिक्रिया करून ठिसूळ कार्बाइड आणि सिलिसाइड बनवतं. ते टाळायला तंतूवर जेमतेम 3 मायक्रॉनचा कार्बनयुक्त लेप देतात. तो मुद्दामच कच्चा असतो, म्हणजे धातूतली चीर तंतू न तोडता त्याच्या कडेने वळते. पण तंतूचं कापलेलं टोक उघडं राहिलं, की त्या वाटेने ऑक्सिजन शिरतो आणि लेप जाळतो. म्हणून टोकं साध्या टायटॅनियमच्या आवरणाखाली झाकतात.

इंजिन मात्र एकाच तापमानावर राहत नाही. भार आणि उष्णता एकाच वेळी शिगेला पोचले तर आधी तंतू तुटू लागतात. भार थंड अवस्थेत आला, तर धातूला पृष्ठभागापासून चिरा पडतात. एकाच तापमानावर घेतलेल्या चाचणीत हा फरक दिसत नाही.