भोपळ्याचे वैरी आणि सोयरे

मराठी भाषेने भोपळ्यावर फार अन्याय केला आहे. परीक्षेत शून्य मिळाले की भोपळा मिळाला. कोणाचा गैरसमज दूर झाला की भ्रमाचा भोपळा फुटला. दोघांचे पटेनासे झाले की त्यांचे विळ्याभोपळ्याचे सख्य! लेकीकडे निघालेल्या म्हातारीला वाघाच्या तावडीतून सुखरूप घरी नेणारा भोपळा, काय तो एकच मानाला चढला. पण वाचकहो, ज्याने आपल्या परसात एकदा तरी भोपळ्याचा वेल वाढवून पाहिला आहे, तो शून्याला भोपळा म्हणताना जरा अडखळेल. शून्य मिळवायला काहीच करावे लागत नाही. भोपळा मिळवायचा तर किड्यांच्या एका फौजेशी झुंजावे लागते, आणि त्याहून अवघड म्हणजे, किड्यांच्याच दुसऱ्या एका फौजेची मनधरणी करावी लागते.

बँकेतली नोकरी संपवून मी जुन्नरच्या जुन्या घरी राहायला आलो तेव्हापासून ही झुंज आणि ही मनधरणी पाहतो आहे. आमचा जुन्नर-आंबेगावचा मुलूख वेलभाज्यांना मानवणारा. पश्चिमेला सह्याद्री आणि धो धो पाऊस. पूर्वेला जाल तसतसा पाऊस विरळ होत जातो, आणि तिथे कुकडी नि घोड नद्यांवरच्या धरणांचे पाणी द्राक्षे, टोमॅटो, कांदे पिकवते. ज्या आंबेगावावरून शेजारच्या तालुक्याला नाव मिळाले, ते गाव डिंभे धरणाच्या जलाशयाखाली गेले आणि कारभार घोडेगावातून चालतो. पण नाव राहिले. डोंगराकडच्या वाड्यांत पावसाळा लागला की भोपळ्याचा वेल कुडावरून थेट छपरावर चढवतात. जागा वाचते, आणि फळ ओल्या जमिनीला टेकून नासत नाही. आजकाल पुण्या-मुंबईचे लोक गच्चीवर पिंप अर्धे कापून त्यात दुधी, दोडका, क्वचित भोपळाही लावतात. हॉटेलवाल्यांची लाडकी झुकिनीही याच कुळातली. कूळ एक, म्हणून वैरीही तेच.

आमच्याकडे उसात बिबट्या असतो, आणि त्याची भीती खरीच आहे. पण वेलाला विचाराल तर तो गव्हाच्या दाण्याहून थोड्या मोठ्या एका नारिंगी-तांबड्या किड्याचे नाव घेईल. हा लाल भुंगेरा. बी उगवून दोन दले वर आली रे आली की हे महाशय हजर. बघता बघता दलांची चाळणी होते आणि रोप बसते. उन्हाळी लागवडीत, फेब्रुवारी ते एप्रिल या दिवसांत, त्यांचा जोर विशेष. मादी अंडी घालते ती वेलाच्या बुडाशी, ओल्या मातीत. तिच्या अळ्या मुळे खातात आणि जमिनीला टेकलेले फळही पोखरतात. नरकचतुर्दशीला आपण अंगठ्याखाली चिरडतो ते कडू कारीट भोपळ्याचेच भाऊबंद. या कुळाने शत्रूला दूर ठेवण्यासाठी जो कडूपणा अंगी बाणवला, तोच या भुंगेऱ्याला मात्र आमंत्रणासारखा वाटतो! (जाता जाता एक सांगून ठेवतो: घरचा दुधी कडू लागला तर सरळ टाकून द्यावा. त्याच्या रसाने विषबाधा होते.)

भुंगेऱ्यावर उपाय काय? पहाटेच्या गारव्यात तो सुस्तावलेला असतो. त्या वेळी चिमटीने उचलावा आणि साबणाच्या पाण्यात टाकावा. पानांवर दव असताना चुलीची चाळलेली राख भुरभुरावी. सर्वांत उत्तम म्हणजे रोपांवर जुनी मच्छरदाणी ताणून तिच्या कडा मातीत दाबून टाकाव्या. मात्र पहिली फुले दिसताच ती काढायची. का, ते पुढे येईलच.

दुसरी वैरीण फळमाशी. दिसायला घरमाशीएवढी, तांबूस-पिवळी, आणि पंखांवर डाग. कोवळ्या फळाच्या सालीत ती सुईसारखे टोक खुपसून आत अंडी घालते. वरून पाहावे तर डिंकाचा एक थेंब. आत अळ्यांची पंगत बसलेली. फळ वाकडे होते, पिवळे पडते, सडते. पोट भरलेल्या अळ्या मातीत उतरून कोष करतात आणि पुढच्या पिढीच्या माश्या बाहेर पडतात. ऊबदार हवेत हा सारा खेळ दोन-तीन आठवड्यांत आटोपतो. अळी फळाच्या पोटात, कोष मातीच्या पोटात. मग वरून कितीही औषध मारा, ते पोचणार कोठे? म्हणून येथे फवाऱ्यापेक्षा फडके कामाचे. फूल गळून फळ लिंबाएवढे दिसू लागले की जुन्या सुती साडीच्या तुकड्याची सैल पिशवी त्यावर बांधावी आणि साल निबर होईपर्यंत राहू द्यावी. किडके फळ उकिरड्यावर भिरकावणे म्हणजे माशीचे बाळंतपण आपणच करणे होय. ते दीड-दोन फूट खोल पुरावे. बाजारात गंधसापळे मिळतात, तेही टांगावेत. पण त्यातली गोळी 'क्यू-ल्युर'ची आहे की नाही, हे विचारून घ्यावे. आंब्याच्या फळमाशीसाठी असतो तो सापळा निराळा. भोपळ्याची माशी त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. शिवाय सापळ्यात सापडतात ते नुसते नर, म्हणून सापळा टांगला तरी पिशवी सोडू नये.

मावा आणि पांढरी माशी ही तिसरी जोडगोळी. पानांच्या खालच्या बाजूला बसून रस शोषणे आणि एका वेलाचा रोग दुसऱ्याला नेऊन देणे हा यांचा धंदा. पाने पिवळी-हिरवी चितारल्यासारखी होऊन आखडली, तर तो वेल उपटून टाकावा. त्याची माया धरू नये. एरवी साबणाचे पातळ पाणी पानांच्या पाठीवर नीट बसले तरी मावा आटोक्यात येतो.

आता खरी अडचण येते ती ओळखीची. माव्यावर ताव मारणारा चकचकीत ढालकिडा आपला मित्र, आणि अंगावर बारीक लव असलेला, निस्तेज, पुष्कळ ठिपक्यांचा त्याचा चुलतभाऊ आपली पाने कुरतडणारा. दोघे शेजारी बसले तर भलेभले फसतात. बाटलीतले औषध तर मुळीच ओळख विचारत नाही. ते दोघांनाही मारते.

आमच्या शेजारच्या निवृत्त मास्तरांची हकीकत येथे सांगितली पाहिजे. एका वर्षी त्यांच्या वेलावर फुलेच फुले, पण फळ धरेना. सुपारीएवढी फळे पिवळी पडून गळत. मास्तरांनी निदान केले, "कीड!" दुकानातून बाटली आली. दर चार दिवसांनी सकाळी सात वाजता, डोक्याला उपरणे गुंडाळून, मास्तर पंप मारू लागले. गळ वाढली, मास्तरांनी औषधही वाढवले. त्यातच गौरी-गणपतीसाठी लेक माहेरी आली, आणि तिच्या पाच वर्षांच्या मुलाने, म्हणजे मास्तरांच्या नातवाने, शेजारच्याच वेलावरची कोवळी काकडी तोडून, न धुता, तशीच खाल्ली. फवारणी आदल्या दिवशीची. पोराला उलट्या सुरू झाल्या. दवाखान्यात एक रात्र काढून पोर सकाळी हसत घरी आले; पण त्या रात्री गौरीपुढे हात जोडून बसलेल्या मास्तरांना मी पाहिले आहे. बाटली नंतर सापडली ती ओट्याखालच्या फळीवर, तेलाच्या बरणीशेजारी.

दोन दिवसांनी डोंगराकडून भाजी घेऊन येणारी एक वृद्ध बाई मास्तरांच्या दारात टेकली. वेलाकडे बराच वेळ पाहून म्हणाली, "मास्तर, यवढी फुलं हायती, पन येकबी माशी घोंघावत न्हाई. आवं, माशी न्हाई तर फळ कुनी धरायचं?"

चाळीस वर्षे मुलांना परागीभवन शिकवलेले मास्तर गप्प झाले. भोपळ्याला नर आणि मादी फुले वेगवेगळी येतात. आधी बरेच दिवस नुसती नरफुले, लांब देठाची. मग मादीफूल, पाकळ्यांखाली इवलासा भोपळा घेऊन आलेले. नराचा पराग जड आणि चिकट. वारा तो नेत नाही. मधमाशीने, भुंग्याने तो अंगावर वाहून आणला तरच त्या इवल्या भोपळ्याचा भोपळा होतो, नाही तर तो पिवळा पडून गळतो. फूल उमलते पहाटे आणि दुपारच्या आत मिटते. म्हणजे मास्तरांची फवारणीची वेळ आणि सातेरी मधमाश्यांची कामावर येण्याची वेळ नेमकी एकच होती! ज्याला ते कीड समजत होते तो किड्यांचा अभाव होता, आणि तो अभाव त्यांच्या पंपाने वाढत होता.

मास्तरांनी पंप ठेवून दिला. रोज सकाळी नरफूल खुडायचे, पाकळ्या सोलायच्या आणि त्याचा परागाचा दांडा ताज्या मादीफुलाच्या मधोमध हलकेच फिरवायचा, हे काम त्यांनी हाती घेतले. पंधरवड्याने माश्याही परतल्या. त्या वर्षी वेलाने चार भोपळे दिले. पहिल्याचे घारगे नातवाच्या घरी गेले.

विषाच्या बाटलीची ही भुरळ जुनी आहे. पॉल म्युलर या स्विस शास्त्रज्ञाला 1939 मध्ये डीडीटीचा कीटकनाशक गुण सापडला, 1948 मध्ये त्याला नोबेल पारितोषिक मिळाले, आणि साऱ्या जगाला वाटले की किड्यांचा प्रश्न सुटला. भोपळ्याच्या कुळाची गंमत अशी की त्याची पाने डीडीटीने स्वतःच करपत. पुढे 1962 मध्ये रेचेल कार्सन या अमेरिकन लेखिकेच्या पुस्तकाने पाखरे का मुकी होत आहेत याचा जाब विचारला. आपल्या देशात शेतीसाठी डीडीटीचा वापर 1989 मध्ये बंद झाला आणि बीएचसी पावडरीवर 1997 मध्ये बंदी आली. त्याच 1962 च्या सुमारास दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत डॉ. प्रधान आणि त्यांचे सहकारी दाखवून देत होते की निंबोळीचे पाणी शिंपडलेल्या पिकाला टोळसुद्धा तोंड लावत नाहीत. आणि त्याच वर्षी पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था सुरू झाली. वैऱ्याला हटवणारे आणि सोयऱ्याला सांभाळणारे असे दोन्ही ज्ञान आपल्या घरातच होते. फळीवर मात्र आपण बाटली ठेवली.

निंबोळी अर्काची कृती कोणत्याही स्वयंपाकघरात जमेल. निंबोळ्या सावलीत वाळवून त्यांचा गर कुटावा. 50 ग्रॅम भुकटी एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवावी, फडक्यातून पिळून घ्यावी, साबणाचे थोडे पाणी घालावे आणि त्याच दिवशी, ऊन उतरल्यावर, पानांच्या दोन्ही बाजूंना फवारावे. संध्याकाळच का? उन्हाने अर्काचा गुण लवकर जातो, आणि तोवर फुले मिटून माश्या घरी गेलेल्या असतात. भांडी वेगळी ठेवावी. एवढ्यानेही भागले नाही आणि औषध मारण्याचीच पाळी आली, तर दुकानदाराऐवजी जाणत्याला विचारावे; आमच्याकडे नारायणगावला कृषी विज्ञान केंद्र आहे, तशी केंद्रे इतर जिल्ह्यांतही आहेत. आणि फवारणीनंतर किती दिवस फळ तोडू नये हे बाटलीवर लिहिलेले असते. ते घरातल्या सर्वांना, लहानग्यांना सुद्धा, मोठ्याने वाचून दाखवावे.

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा पावसाळी वेल म्हातारा झालेला असेल. भाऊबीज झाली की तो उपटून टाका, खाली पडलेली किडकी फळे वेचून पुरा आणि वाफ्याची माती चार-सहा बोटे खोल उकरून उन्हात पसरा. भुंगेऱ्यांच्या अळ्या आणि माश्यांचे कोष वर येतील. साळुंक्यांना आपोआप बातमी लागते, त्यांना फराळाचे निमंत्रण द्यावे लागत नाही. दीड-दोन महिने माती अशी तापू द्या. जानेवारीच्या अखेरीस नवे बी टोका, आणि माळ्यावरची जुनी मच्छरदाणी तेवढी आत्ताच शोधून ठेवा.