वरचं तुडुम बंद असेल तर

दिवाळी सरली की आमच्या साकोली-लाखनीकडे गावोगावी मंडई भरते आणि रात्री झाडीपट्टीचं नाटक. यंदा नाटक मंडळीला विचारून मी अख्खा प्रयोग कॅमेऱ्यात घेतला. पहाटे पाहिलं तर फाईल 38 जीबीची. पुण्यात वसतिगृहावर राहणाऱ्या भाच्याला ती हवी होती. व्हॉट्सअ‍ॅपवर 2 जीबीच्या वरची फाईल जात नाही, गूगल ड्राइव्हची फुकट जागा 15 जीबी. "मामाजी, टोरेंटनं पाठवा," तो म्हणाला.

टोरेंट म्हणजे चोरीचे सिनेमे, एवढंच मला ठाऊक. पण ती नुसती गाडी आहे, 2001 साली ब्रॅम कोहेननं काढलेली. आत माल कोणता भरायचा तो ज्याचा त्यानं पाहावा. मी भरला. काटा शून्यावरून हलेना.

धानाच्या बांधीवर उभं राहणाऱ्याला हे समजायला सोपं आहे. पाटाला पाणी आलं तरी कोणाच्या बांधीत वळवायचं, ते पाटावरच्या माणसाला सांगून ठेवावं लागतं. घरातला राऊटर म्हणजे तो माणूस. मोबाईल, टीव्ही, संगणक सगळ्यांचा मिळून बाहेरचा पत्ता एकच. आपण काही मागवलं तर त्याचं उत्तर कोणाकडे द्यायचं हे त्याच्या ध्यानात असतं. बाहेरून कोणी आपणहून आलं तर मात्र तो दार उघडत नाही. वसतिगृहाच्या राऊटरला भाचा हात लावू शकत नव्हता. दोघांपैकी एकाकडे तरी वाट मोकळी हवी. म्हणजे ती माझ्याकडेच.

ब्राउझरमध्ये 192.168.1.1 टाकून राऊटरचं पान उघडलं. (पासवर्ड अजून 'अ‍ॅडमिन'च होता, तो आधी बदलला.) संगणकाला घरातला एकच पत्ता कायमचा बांधून दिला, नाहीतर उद्या तो बदलतो आणि पाणी भलत्याच बांधीत जातं. मग 'पोर्ट फॉरवर्डिंग'मध्ये लिहिलं: 50123 या पोर्टवर जे येईल ते या संगणकाकडे, टीसीपी आणि यूडीपी दोन्ही. काही राऊटरांवर यालाच 'व्हर्च्युअल सर्व्हर' म्हणतात. टोरेंटच्या सेटिंगमध्ये तोच आकडा, विंडोजच्या फायरवॉलमध्ये त्याला परवानगी. पोर्ट 65,535 आहेत. उघडायचं ते एकच.

तरीही शून्य. दोन संध्याकाळी मी तेच पान उघडून मिटत राहिलो.

खोट माझ्या बांधीत नव्हतीच, तलावातून पाणी सोडायचं वरचं तुडुमच बंद होतं. राऊटरच्या 'स्टेटस' पानावर बाहेरचा पत्ता 100.72 नं सुरू होत होता. 100.64 ते 100.127 मधला आकडा दिसला की समजावं, इंटरनेट कंपनीनं एकच खरा पत्ता बऱ्याच गिऱ्हाइकांत वाटलाय. जुन्या पद्धतीचे पत्ते जगात मिळून जेमतेम 429 कोटी, ते पुरत नाहीत. म्हणून 2012 साली हे आकडे अशा वाटणीसाठी राखून ठेवले गेले. त्या वरच्या दारावर आपली सत्ता नाही. हे मी सगळ्यात आधी पाहायला हवं होतं. कंपनीला फोन करून, महिन्याला थोडे जास्त पैसे मोजून, स्वतःचा पत्ता घेतला.

त्या रात्री काटा हलला. 97 टक्क्यांवर लाईन गेली. भाच्याचा लगेच फोन, "गेलं का सगळं?" काही जात नाही, फाईल तुकड्या-तुकड्यांनी जाते, प्रत्येक तुकडा तपासूनच ठेवला जातो. लाईन आली तेव्हा उरलेले 3 टक्केच जायचे होते.