काचेचा बूथ आणि हेल्मेटवरचा कॅमेरा

प्रश्न बॉस्टनच्या एका श्रोत्याचा आहे. ते सायकलने कामावर जातात, हेल्मेटवर कॅमेरा असतो. मोटारवाले अंगाला घासून जातात आणि वर शिव्याही देतात. ते विचारतात, रस्त्यावर चित्रण करायला बंदी नाही, मग सोबत आवाज आला तर मी गुन्हेगार कसा?

म्हणजे बघा, कायद्याला डोळा आणि कान हे दोन वेगळे साक्षीदार वाटतात. असं का, ते १९६७ सालच्या कॅट्झ खटल्यात नीट दिसतं. लॉस एंजेलिसमधला हा गृहस्थ काचेच्या टेलिफोन बूथमधून सट्टा लावायचा. एफबीआयने बूथला बाहेरून ऐकण्याचं यंत्र बसवलं. सरकारचं म्हणणं, काचेतून तो सगळ्यांना दिसतच होता, मग खासगी काय राहिलं? सर्वोच्च न्यायालयाने मोठी मार्मिक गोष्ट सांगितली : दार लावून घेताना त्याला बघणारे टाळायचे नव्हते, ऐकणारे टाळायचे होते. खरंच आहे. चौकात उभा राहिलेला माणूस दिसायला तयार असतो, पण शब्द तो कुणाला तरी उद्देशून बोलतो.

अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत, बोलण्यात सामील असलेल्या एकाची संमती पुरते. तुमच्यावर ओरडणाऱ्याचा आवाज तुम्ही खुशाल टिपा. कॅलिफोर्नियात सगळ्यांची लागते, पण गोपनीय बोलण्यापुरतीच. भर रस्त्यात दिलेल्या शिवीत कसली आली गोपनीयता! बॉस्टन ज्या राज्यात आहे त्या मॅसॅच्युसेट्सचा कायदा मात्र निराळा. १९६८ सालच्या या कायद्याचा रोख संघटित गुन्हेगारीवर होता. बोलणं खासगी होतं का, हे तो विचारत नाही. ध्वनिमुद्रण चोरून केलं का, एवढंच विचारतो. शिक्षा पाच वर्षांपर्यंत तुरुंगवास.

त्यात सापडला मायकेल हाइड. १९९८ साली पोलिसांनी त्याची मोटार अडवली. त्याने ते बोलणं गुपचूप टेप केलं आणि तक्रार करायला ती टेप स्वतःच पोलीस ठाण्यात नेऊन दिली. गुन्हा त्याच्यावरच दाखल झाला! २००१ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम केली. सरन्यायाधीश मार्गारेट मार्शल यांनी विरोधी मत नोंदवलं, आणि माझ्या मते न्याय त्यांच्या बाजूला होता. सत्तेपुढे उभ्या असलेल्या माणसाकडे पुरावा सोडून दुसरं असतं काय?

पुढे सायमन ग्लिक या वकिलाने बॉस्टन कॉमन बागेत पोलिसांची अटकेची कारवाई उघडपणे फोनवर टिपली. त्यालाही पकडलं, पण २०११ साली संघराज्याच्या अपील न्यायालयाने त्याचा हक्क मान्य केला. २०२० साली तर सार्वजनिक जागी काम करणाऱ्या पोलिसांचं गुप्त ध्वनिमुद्रणही संरक्षित ठरलं.

पण मोटारचालक पोलीस नव्हे, आणि आपल्या श्रोत्याची अडचण इथेच आहे. हेल्मेटवरचा कॅमेरा दिसतो, तो ऐकतोय हे दिसत नाही. शिवाय सिग्नलला शेजारी थांबलेल्या दोघांचं घरगुती बोलणंही माइक उचलतो. त्यांचा काय अपराध? तेव्हा माइक एरवी बंद ठेवावा. गाडीचा नंबर चित्रात येतो. सायकलस्वाराला ओलांडताना निदान चार फूट अंतर ठेवायचं, असा २०२३ पासून तिथे नियम आहे. ते मोडल्याची साक्षही चित्रच देणार. वाद पेटलाच तर माइक सुरू करण्याआधी मोठ्याने सांगा, ‘आवाजासकट रेकॉर्ड होतंय.’ पुष्कळदा समोरचा एवढ्यावरच काच वर करून निघून जातो.