संत जोसाफात यांचं मूळ गाव

दिवाळी सरते आणि थोड्याच दिवसांत २७ नोव्हेंबर येतो. रोमन कॅथलिक चर्चच्या जुन्या संतसूचीत हा दिवस बार्लाम आणि जोसाफात या दोन संतांचा. इथे आल्यावर ख्रिस्ती संतांची चरित्रं वाचायची मला गोडी लागली, आणि या जोडीपाशी मी थबकलेच.

जोसाफात हा भारतातला राजपुत्र. तो राज्य सोडून धर्माकडे वळेल, असं भविष्य ज्योतिषाने सांगितलं. म्हणून राजाने त्याला सुंदर महालात ठेवलं. आजार, म्हातारपण, मरण यांचा वाराही लागू दिला नाही. पण बाहेर पडल्यावर त्याला रोगी दिसला, आंधळा दिसला, जराजर्जर म्हातारा दिसला. पुढे बार्लाम नावाचा साधू व्यापाऱ्याच्या वेषात आला. त्याच्या उपदेशाने राजपुत्र ख्रिस्ती झाला आणि शेवटी राज्य सोडून वनात गेला.

ओळखलंत ना? ही सिद्धार्थ गौतमाची गोष्ट!

भारतातून ती इराणमार्गे अरबीत गेली. जॉर्जियन भाषेत ख्रिस्ती झाली, मग ग्रीक आणि १०४८मध्ये लॅटिन. वाटेत नावाचं काय झालं पाहा. 'बोधिसत्त्व'चं अरबीत 'बुदासफ' झालं. त्या लिपीत शब्दारंभीच्या 'ब' आणि 'य'मध्ये एका टिंबाचा फरक, म्हणून 'युदासफ'. पुढे 'इओआसाफ', शेवटी 'जोसाफात'. आपल्या मुलांच्या नावांचं इथल्या शाळेच्या हजेरीत काय होतं, ते आठवून मला हसू आलं.

बार्लाम राजपुत्राला एक दृष्टान्त सांगतो. एकशिंगी प्राण्याच्या भीतीने पळणारा माणूस खड्ड्यात पडतो आणि झाडाला लोंबकळतो. खाली अजगर आ वासून बसलेला, काळा-पांढरा असे दोन उंदीर मूळ कुरतडताहेत, आणि हा मात्र ठिबकणारा मध चाटण्यात दंग! महाभारताच्या स्त्रीपर्वात विदुर धृतराष्ट्राला असाच दृष्टान्त सांगतो. तिथे एकशिंग्याच्या जागी हत्ती आहे. इटलीत पार्मा शहरातल्या बाप्तिस्मागृहाच्या एका दारावर हे दृश्य कोरलेलं आहे.

सगळ्यात गंमत पुढे आहे. पोर्तुगीज इतिहासकार दियोगो दो कोउतो (मृत्यू १६१६, गोवा) साष्टीत कान्हेरीची लेणी पाहायला गेला. ही कुणी खोदली, असं त्याने एका वृद्धाला विचारलं. म्हातारा म्हणाला, जोसाफातच्या बापाने, मुलाला जगापासून दूर वाढवण्यासाठी! बुद्धचरित्र आणि जोसाफातचं चरित्र यांतलं साम्य कोउतोच्या लक्षात आलं होतं. युरोपातल्या पंडितांनी ते पुराव्यानिशी मांडलं १८५९-६०मध्ये.

यात कुणी कुणाचं चोरलं, असं मला वाटत नाही. ज्यांना गोष्ट भावली, त्यांनी ती आपली मानली. पण मधल्या शेकडो वर्षांत तिचं माहेर युरोप विसरला, एवढं मात्र खरं. परदेशात वाढणाऱ्या आपल्या मुलांच्या बाबतीत हीच तर आपली धास्ती असते. त्यांनी इथलं होऊ नये, असं थोडंच आहे? फक्त कुठून निघालो ते ठाऊक असावं.

येत्या २७ नोव्हेंबरला मुलांना ही गोष्ट सांगा. सांगताना दोन्ही नावं सांगा.