मधली भिंत आणि शेजारचं बांधकाम

उन्हाळा लागला की गावात वाळूचे, खडीचे ढीग दिसायला लागतात. घरकुलाचा हप्ता आलेला असतो आणि पावसाच्या आत पाया भरून घ्यायची घाई असते. याच दिवसांत आमच्या बचत गटांच्या बैठकीत कर्जाच्या जोडीनं एक विषय हमखास निघतो. शेजाऱ्यानं पाया खणायला घेतलाय, आमच्या भिंतीला तडा गेलाय, आता काय करायचं?

गावठाणातल्या बऱ्याच घरांची मधली भिंत एकच असते. कधीकाळी एकच घर होतं, भावाभावांत वाटणी झाली आणि भिंत सामाईक राहिली. दोन्हीकडच्या तुळया तिच्यावरच टेकलेल्या. म्हणजे शेजारी कोण, तर चुलत दीर नाहीतर चुलत सासरे. बाई गप्प बसते ती इथंच. भावकीत कसं बोलायचं? त्यात घरचा माणूस पुण्या-मुंबईला कामाला असेल किंवा हयातच नसेल, तर आणखी अवघड.

भिंतीचं नेमकं काय होतं ते आधी बघू. जुनी भिंत मातीची किंवा दगडमातीची, चांगली दीड-दोन फूट रुंद असते, पण तिचा पाया फारसा खोल नसतो. वर्षानुवर्षं दाबून बसलेल्या आजूबाजूच्या मातीनं ती धरलेली असते. नव्या घराच्या कॉलमचा खड्डा तिच्या पायापेक्षा बराच खाली जातो. बाजूची माती काढली की भिंतीखालची माती खड्ड्याकडे सरकायला लागते. काळी जमीन असेल आणि वळवाचं पाणी त्या खड्ड्यात साठलं, तर काम आणखी बिघडतं. शिवाय शेजाऱ्यानं आपलं जुनं छत उतरवलं की भिंतीवर एकाच बाजूचा भार राहतो. जेसीबीचे हादरे आणि नव्या बांधकामावर रोज मारायचं पाणी, हे वेगळंच.

प्रत्येक तड्याला घाबरायचं कारण नाही. गिलाव्यावरची केसासारखी रेघ चालते. पण तडा दाराच्या किंवा खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका निघाला असेल, रोज रुंद होत असेल, कालपर्यंत नीट लागणारं दार चौकटीत अडकायला लागलं असेल, किंवा भिंत तुळईपासून सुटलेली दिसत असेल, तर त्या खोलीत लेकरांना झोपवू नका. तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलनं खूण करून शेजारी तारीख लिहा आणि मोबाइलवर फोटो काढा. चार दिवसांनी तडा खुणेच्या पुढे गेला की वाद घालायची गरजच उरत नाही, भिंतच दाखवते. खरं तर हे फोटो खणायच्या आधीच काढलेले बरे. नाहीतर "तडा आधीपासूनच होता" हे वाक्य ठरलेलं.

आमच्या एका गटात घर बांधणारी आणि तडा गेलेली, दोघीही सभासद. नात्यानं चुलत जावा. दोन बैठका दोघी एकमेकींकडे न बघता बसल्या. चूक एकीचीच, असं आम्हाला तरी म्हणता येईना. घरकुल किमान 25 चौरस मीटरचं, म्हणजे साधारण 269 चौरस फुटांचं. एवढ्याशा जागेत नऊ इंच सोडायचे म्हणजे काय, ते बांधणारीलाच कळतं. त्यात काम पुढे सरकल्याशिवाय पुढचा हप्ता नाही. शेवटी गवंड्याला दोन्ही घरांतून भिंत दाखवली. त्याच्या सांगण्यावरून सगळा चर एकदम न उघडता तीन-चार फुटांचा तुकडा खणायचा, तो भरून झाला की दुसरीकडचा घ्यायचा, असं ठरलं. तुळयांना आतून टेकू दिले. नव्या घराचा भार मधल्या भिंतीवर न टाकता स्वतःच्या कॉलमवर घेतला. दुरुस्तीचा खर्च कोण देणार हे कागदावर लिहून दोघींच्या सह्या आणि दोन साक्षीदार घेतले. नऊ इंच गेल्याची हळहळ तिला अजून आहे, आणि ती खोटी नाही.

आपल्यालाही असंच सुरू करता येतं. "भावजी, खणायच्या आधी एकदा गवंड्याला घेऊन भिंत बघून घेऊ," एवढं म्हटल्यानं भांडण होत नाही.

ऐकलंच नाही तर? मग ग्रामपंचायतीकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. बांधकामाला ग्रामपंचायतीची परवानगी आहे म्हणून सामाईक भिंत पाडायचा हक्क मिळाला, असं होत नाही. तसंच नमुना 8 चा उतारा कर आकारणीचा असतो, तेवढ्यानं मालकी सिद्ध होत नाही. म्हणून जुनं वाटणीपत्र असेल तर शोधून ठेवा. तुमच्या गावठाणाची ड्रोन मोजणी होऊन मालमत्ता पत्रक मिळालं असेल, तर तेही काढून घ्या. 1882 च्या सुविधाधिकार कायद्यानुसार, शेजारच्या जमिनीचा आधार आपल्या घराला हक्कानं, विनाखंड आणि शांतपणे 20 वर्षं मिळत आला असेल, तर तो आधार हा आपला हक्क ठरतो. काम थांबवण्यासाठी दिवाणी न्यायालयाकडून मनाई हुकूम मागता येतो, पण तो लवकर मागावा लागतो. भिंत पडल्यावर मनाई कशाची करणार?

वकिलाच्या फीची धास्ती वाटते ना? 1987 च्या विधी सेवा कायद्याखाली महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. तालुक्याच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती असते. तिथं साधा अर्ज करायचा. प्रकरण लोकअदालतीत मिटवायचं असेल, तर तीही वाट तिथूनच निघते.

एक शेवटची गोष्ट, जी घाईत राहून जाते. नवी भिंत जुनीला लागून उभी राहिली की मध्ये बोटभर फट राहते. पावसाचं पाणी त्या फटीत उतरलं की मातीची भिंत आतून भिजते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. गवंडी जागेवर आहे तोवरच दोन्ही भिंतींवरून पत्र्याची पट्टी बसवून घ्या. नव्या स्लॅबचं पाणी कुणाच्या अंगणात पडणार, तेही त्याच दिवशी ठरवा.