दोष कुणाचा? आयपीसचा, आरशाचा की डोळ्याचा?

जानेवारीतल्या एका शनिवारी रात्रीचं जेवण आटोपून आम्ही खगोल मंडळाचे नऊ जण दुर्बीण घेऊन परेड ग्राउंडच्या अंधाऱ्या टोकाला गेलो. माझ्या खिशात नवा आयपीस होता. माजी विद्यार्थ्यांच्या एका बॅचने मंडळाला देणगी दिली होती. तेवढ्या पैशांत एकच चांगला आयपीस येणार होता आणि तो निवडायचं काम सचिव म्हणून माझ्याकडे होतं. मी ८२ अंशांचा वाइड-अँगल आयपीस मागवला होता.

दुर्बीण कृत्तिकांवर लावली, डोळा टेकवला आणि माझा चेहरा उतरला. मधले तारे टाचणीच्या टोकासारखे, पण कडेच्या प्रत्येक ताऱ्याला बाहेरच्या बाजूने शेपूट! "माल खराब आहे, परत पाठवू," मी जाहीर केलं. आठवीतला एक कॅडेट हळूच म्हणाला, "सर, जुन्या आयपीसमध्येही शेपट्या आहेत. फक्त लहान दिसतात." मी त्याला आधी फोकस करायला शिक म्हणून गप्प केलं आणि त्याच रात्री विक्रेत्याला पाठवायचं पत्रही लिहून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी भौतिकशास्त्राच्या सरांनी ते पत्र वाचून एकच प्रश्न विचारला, "दोष आयपीसचाच आहे, हे कशावरून?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढचे तीन आठवडे आम्ही ते शोधलं.

आधी आकडे

आमच्या दुर्बिणीच्या आरशाचा व्यास १५० मिलिमीटर आणि नाभीय अंतर ७५० मिलिमीटर. ७५० भागिले १५० म्हणजे ५, म्हणून ती एफ/५ दुर्बीण. आरसा प्रतिमा तयार करतो आणि आयपीस ती मोठी करून डोळ्याला दाखवतो. आरशाच्या नाभीय अंतराला आयपीसच्या नाभीय अंतराने भागलं की दुर्बीण किती पट मोठं दाखवते ते कळतं. जुना २५ मिलिमीटरचा प्लॉस्ल आयपीस ३० पट दाखवतो, नवा १६ मिलिमीटरचा सुमारे ४७ पट.

मग वाइड-अँगलचा फायदा काय? प्लॉस्लमध्ये डोळ्यासमोर सुमारे ५० अंशांचं वर्तुळ दिसतं, नव्यात ८२ अंशांचं. आकाशाचा तुकडा प्रत्यक्षात केवढा दिसतो, ते आम्ही घड्याळाने मोजलं. मृगाच्या पोटातल्या बाणाचा पश्चिमेकडचा तारा खगोलीय विषुववृत्ताच्या अगदी जवळ आहे. असा तारा ४ मिनिटांत १ अंश सरकतो. दुर्बीण स्थिर ठेवून तो एका कडेपासून मध्यातून दुसऱ्या कडेपर्यंत जायला प्लॉस्लमध्ये साडेसहा मिनिटं लागली आणि नव्या आयपीसमध्ये पावणेसात. म्हणजे दोन्हींत आकाश जवळपास तेवढंच, सुमारे १.६ ते १.७ अंश, पण नव्यात दीडपटीहून मोठं. शिवाय जास्त वर्धनामुळे पार्श्वभूमीचं आकाश काळं पडतं आणि अंधुक तारे उठून दिसतात. मृगातला तेजोमेघ पाहताना हा फरक सगळ्यांना जाणवला.

रुंद दृश्याची किंमत

प्लॉस्ल आयपीस १८६० सालचा, व्हिएन्नाच्या गेओर्ग सिमोन प्लॉस्ल यांचा. त्यात चार भिंगं असतात. पहिल्या महायुद्धाच्या काळात हाइनरिख एर्फल यांनी लष्करी उपयोगासाठी साधारण ६० अंशांचा आयपीस तयार केला. त्याचं दृश्य रुंद होतं, पण कडेला प्रतिमा बिघडत असे. पुढे अमेरिकेत अपोलो चांद्रयानाच्या सिम्युलेटरसाठी प्रकाशयंत्रणा बनवणारे अल नॅगलर यांनी १९७७ मध्ये टेलीव्ह्यू ही कंपनी काढली आणि १९८०च्या सुमारास ८२ अंशांचा आयपीस आणला. त्यात पुढच्या बाजूला एक अंतर्गोल भिंगसमूह असतो. तो येणाऱ्या प्रकाशाचा तीव्र शंकू सौम्य करून पुढच्या भिंगांकडे देतो. म्हणूनच असे आयपीस जड आणि महाग असतात.

एफ/५ आरशातून येणारा शंकू तीव्र असतो आणि आयपीसची खरी परीक्षा तिथे होते. हाच आयपीस एफ/१०च्या दुर्बिणीला लावला तर कडेचे तारे बरेच सुधारतात. म्हणून "अमुक आयपीस उत्तम" एवढंच वाक्य अपुरं आहे. कोणत्या दुर्बिणीवर, हे विचारायलाच हवं.

दोष ओळखायचे कसे?

पहिला दोष कोमा. तारा धूमकेतूसारखा दिसतो आणि शेपूट मध्यापासून बाहेरच्या दिशेला. हा दोष आमच्या अन्वस्ताकृती आरशाचा. तो मध्यात नसतो, कडेकडे वाढत जातो आणि आरसा जितका 'वेगवान', म्हणजे एफचा आकडा जितका लहान, तितका जास्त असतो. आयपीस फक्त तो मोठा करून दाखवतो. जुन्यात ३० पट, नव्यात ४७ पट! आठवीतल्या कॅडेटला नेमकं हेच दिसलं होतं.

दुसरा अ‍ॅस्टिगमॅटिझम. कडेचा तारा छोट्या रेघेसारखा किंवा पंख पसरलेल्या पक्ष्यासारखा दिसतो. फोकस बिंदूच्या एका बाजूला रेघ आडवी, दुसऱ्या बाजूला उभी होते. वाइड-अँगल आयपीसचा हा मुख्य दोष. नव्या आयपीसमध्ये तो अगदी शेवटच्या पट्ट्यात थोडासा सापडला, प्लॉस्लमध्ये बराच आधी सुरू झाला.

तिसरा दृश्याची वक्रता. मध्य स्पष्ट असताना कड धूसर, आणि कड स्पष्ट केली की मध्य धूसर. इथे गंमत झाली. प्लॉस्लची कड आम्हा मुलांना बरी दिसे, सरांना धूसर. आमच्या डोळ्यांची भिंगं लवचीक असल्याने नकळत फोकस बदलतात. वयाबरोबर ती ताकद कमी होते. म्हणजे एकाच आयपीसबद्दल दोघांचं मत वेगळं असूनही दोघे खरे असू शकतात.

चौथा वर्णदोष. गुरू कडेला नेला की त्याच्या एका बाजूला तांबूस, दुसऱ्या बाजूला निळसर झालर दिसते.

पाचवी विकृती. दिवसा ध्वजस्तंभ कडेला नेला तर तो वाकलेला दिसतो. तारे मात्र बिंदूच राहतात, त्यामुळे आकाशनिरीक्षणात हा दोष फारसा खुपत नाही. इतक्या रुंद दृश्यात सरळ रेषा सरळ ठेवणं आणि सगळीकडे वर्धन सारखं ठेवणं, दोन्ही एकदम साधत नाही.

तीन गोष्टी फिरवा

डोकं फिरवा. ताऱ्याची रेघ डोक्याबरोबर फिरली तर दोष तुमच्या डोळ्याचा. सरांना चष्मा काढून पाहताना मध्यातला ताराही लांबट दिसे, तो असाच. आयपीस नळीतल्या नळीत फिरवा. दोष त्याच्याबरोबर फिरला तर आयपीसची बनावट सदोष. शेवटी फोकस फिरवा. रेघ आडवीची उभी झाली तर अ‍ॅस्टिगमॅटिझम. कड स्पष्ट झाली तर वक्रता. शेपूट बाहेरच रोखून राहिली तर कोमा.

आमची शेपटी तिन्ही वेळा तशीच राहिली. दोष आरशाचा होता, आयपीस उत्तम होता.

पालकांसाठी दोन शब्द. मुलांना दुर्बीण घेऊन देत असाल तर नुसते अंश पाहून आयपीस घेऊ नका. आधी दुर्बिणीचा एफ आकडा पाहा. तो ५च्या आसपास असेल तर स्वस्त रुंद आयपीस कडेला निराश करतील. १०च्या आसपास असेल तर साधाही चांगलं काम देईल. चष्मा लावूनच पाहायचं असेल तर डोळा भिंगापासून किती दूर ठेवता येतो ते बघा. ते अंतर १५ मिलिमीटरपेक्षा कमी नसावं. आणि योग्य फिल्टरशिवाय सूर्याकडे दुर्बीण कधीच वळवू देऊ नका.

पत्र मी फाडून टाकलं. पुढच्या शनिवारी सगळ्यांसमोर त्या आठवीतल्या कॅडेटला सांगितलं की तू बरोबर होतास आणि मी तुला बोलू द्यायला हवं होतं. तो एवढंच म्हणाला, "सर, मी फोकस केलं होतं." यंदा मी शाळा सोडेन. मंडळाची निरीक्षण-वही त्याच्याकडे दिली आहे आणि आयपीसच्या डबीत एक चिठ्ठी ठेवली आहे: डोकं, आयपीस, फोकस. मगच मत.