चाल कोणाची, नाव कोणाचे?

आपल्या वस्तीत हार्मोनियम घेऊन बसणारा माणूस काही नवा नाही. पूर्वी तो गायन पार्टीत असे, भीमजयंतीच्या रात्री कव्वालीच्या सामन्यात दिसे. आता त्याच घरातली मुले-मुली गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देतात, यमन-भीमपलास शिकतात. दिवसा कारखान्यात नाहीतर इस्पितळात नोकरी करायची आणि संध्याकाळी विहारात वंदना झाल्यावर स्वतः बांधलेली बंदिश चार उपासक-उपासिकांना ऐकवायची, असे हौशी रचनाकार आज आपल्यात आहेत. ही आनंदाची गोष्ट आहे.

पण या मंडळींना एक भीती सतावते. नवी चीज मित्राला मोबाईलवर पाठवली, की ती दुसऱ्याच्या तोंडी ऐकू येईल आणि खाली नाव तिसऱ्याचेच असेल! म्हणून कित्येक जण आपली चाल कोणाला ऐकवीतच नाहीत. ऐकवली तर मुखडा ऐकवतात, अंतरा राखून ठेवतात. भीती खोटी नाही. मात्र तिच्यावर योजलेला उपाय चुकीचा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हा लपवालपवीचा उपाय जुनाच आहे. घराण्यांचे उस्ताद दुर्मिळ चिजा शिष्यांनाही सहजासहजी देत नसत. काही घराण्यांत तर अशा चिजा मुलीच्या लग्नात जावयाला हुंडा म्हणून दिल्या जात, असे सांगतात. परिणाम काय झाला? उस्तादांबरोबर त्यांच्या कित्येक चिजाही गेल्या. पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०-१९३६) यांनी ठिकठिकाणच्या गायकांकडून बंदिशी मिळवल्या, त्यांची स्वरलिपी केली आणि ‘क्रमिक पुस्तक मालिका’ या नावाने सहा भागांत छापल्या. आज विद्यार्थी ज्या बंदिशी शिकतात त्यांतल्या पुष्कळशा अशा छापल्या गेल्या म्हणूनच टिकल्या. पुढे कुमार गंधर्वांनी स्वतःच्या रचना ‘अनुपरागविलास’ मध्ये १९६५ साली छापल्या. अलाहाबादच्या पंडित रामाश्रय झा यांनीही आपल्या बंदिशी ‘अभिनव गीतांजली’ तून लोकांसमोर मांडल्या. आता त्या कोणीही गाव्यात. पण रचना कोणाची, याबद्दल वाद नाही.

नाव राखण्याची आणखी एक जुनी युक्ती म्हणजे मुद्रा. ‘सदारंग’ हे नाव बंदिशीत आले की ती मुहम्मदशहाच्या दरबारातल्या नियामत खाँची मानली जाते. ‘प्रेमपिया’ म्हणजे फैयाज खाँ, ‘गुणिदास’ म्हणजे जगन्नाथबुवा पुरोहित, ‘रामरंग’ म्हणजे वर सांगितलेले रामाश्रय झा. आपल्या शाहिरांनीही हेच केले. महाकवी वामनदादा कर्डक (१९२२-२००४) यांच्या गीतात शेवटच्या कडव्यात ‘वामन’ येतो आणि गीत त्यांचे आहे हे अडाणी माणसालाही कळते. वेळ कमी पडला म्हणून शेवटचे कडवे गाळणारे गायक आहेत आणि जुने नाव काढून आपले नाव बसवणारे बहाद्दरही आहेत, हे वाचकांना सांगायला नको.

परंतु इथे एक गोष्ट कोणी लक्षात घेत नाही. मुद्रा असते ती शब्दांत. बंदिशीत बहुधा शब्द आणि चाल एकाच माणसाची असते, म्हणून एका नावात दोन्ही राखली जातात. भीमगीताचे तसे नाही. गीत एकाने लिहिलेले, चाल दुसऱ्याने लावलेली, गाणारा तिसराच. कवीचे नाव निदान शेवटच्या कडव्यात उरते. चाल लावणाऱ्याला गाण्यात कुठेच जागा नाही. कॅसेटच्या जमान्यात वेष्टनावर नाव आले तर आले, नाहीतर ‘पारंपरिक’ असे छापून मोकळे!

कायद्यानेही या माणसाला फार काळ वाऱ्यावरच सोडले होते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगीतकृतीची व्याख्याच अशी होती की स्वरांची रचना छापलेली, लिहिलेली किंवा अन्य प्रकारे कागदावर उतरवलेली असली पाहिजे. ज्याला स्वरलिपी येते त्याची चाल ही कृती आणि जो कानाने शिकला, गळ्यात चाल घेऊन फिरला, त्याची चाल कायद्याच्या लेखी नाहीच. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या हाती पाटी-पेन्सिल येऊ दिली नाही, त्यांनी स्वरलिपी कोठून लिहावी? १९९४ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि १० मे १९९५ पासून ती लागू झाली. तेव्हापासून संगीत हेच संगीतकृती मानले जाते. ते कागदावर असलेच पाहिजे अशी अट राहिली नाही.

म्हणजे आज हक्क आहे. तो मिळवण्यासाठी नोंदणीसुद्धा सक्तीची नाही. रचना झाली की हक्क जन्माला येतो. राग मात्र कोणाचाच नसतो. मालकंसाचे पाच स्वर सर्वांचे. त्या स्वरांतून तुम्ही जी बंदिश बांधली ती तुमची. दुसऱ्याने मालकंसातच वेगळी चीज बांधली तर ती चोरी नव्हे, हेही आपल्या हौशी मंडळींनी समजून घ्यावे. नुसत्या रागाच्या साम्यावरून भांडणे करू नयेत.

अडचण येते ती पुराव्याची. ‘पोन्नियिन सेल्वन २’ या २०२३ च्या तमिळ चित्रपटातील ए. आर. रहमान यांच्या एका गाण्यावरून दिल्ली उच्च न्यायालयात खटला गेला. धृपद गायक फैयाज वासिफुद्दीन डागर यांचे म्हणणे असे की, ते गाणे आपल्या वडिलांनी व चुलत्यांनी अडाणा रागात बांधलेल्या ‘शिवस्तुती’ वरून घेतले आहे. एप्रिल २०२५ मध्ये एका न्यायमूर्तींनी डागर यांच्या बाजूने अंतरिम आदेश दिला, दोन कोटी रुपये भरायला आणि श्रेय द्यायला सांगितले. सप्टेंबर २०२५ मध्ये दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने तो आदेश रद्द केला. चीज गायली एवढ्यावरून ती त्यानेच रचली असे प्रथमदर्शनी धरता येत नाही, हा त्यातला कळीचा मुद्दा. डागरांसारख्या नामांकित घराण्याला रचनेचा पुरावा द्यावा लागतो, तिथे वस्तीतल्या पेटीमास्तरची काय कथा?

तेव्हा पुरावा आजच तयार करावा. त्याला खर्च नाही. दोनशे पानी वही घ्या. चीज कोणत्या रागात, कोणत्या तालात, शब्द कोणाचे, चाल कोणाची, कोणत्या तारखेला पुरी झाली हे लिहा. भातखंडे पद्धतीने स्वरलिपी येत असेल तर उत्तमच, नसेल येत तर परीक्षेला बसलेल्या मुलीकडून लिहून घ्या. मुलीचाही अभ्यास होतो! मग मोबाईलवर ध्वनिमुद्रण करताना प्रथम आपले नाव आणि तारीख बोला, मगच गायला सुरुवात करा. ते मुद्रण चार जणांना पाठवा. चोरीची भीती वाटणाऱ्याला हे उलटे वाटेल, पण पाठवल्याची तारीख त्या चौघांकडेही राहते. स्वतःलाच पोस्टाने पाकीट पाठवून ठेवण्याची पद्धत काही जण सांगतात. त्याने वेगळा हक्क मिळत नाही, फार तर तारखेला आधार. ज्याला ऐपत आहे त्याने कॉपीराइट कार्यालयात नोंदणी करावी. २०१३ च्या नियमांनुसार एका संगीतकृतीचे शुल्क ५०० रुपये आहे.

आता थोडे आपल्याकडेही पाहू. गाजलेल्या सिनेमाच्या चालीवर भीमगीत बसवण्याची आपली जुनी रीत आहे. चळवळ खेड्यापाड्यांत पोहोचवायला ती उपयोगी पडली हे खरेच, पण ती चालही कोणीतरी बांधलेली असते. न दिलेले घेऊ नये, हे आपले दुसरे शील शब्दांपुरते थोडेच आहे? कायदा त्यामानाने उदार आहे. हौशी मंडळाने पैसे न घेता श्रोत्यांपुढे गायले, किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी कार्यक्रम केला, तर त्याला सूट आहे. खऱ्या धार्मिक विधीत आणि लग्नाच्या वरातीतही आहे. पण त्याच चालीचे मुद्रण करून विकायला काढले की सूट संपली.

पैशाचे म्हणाल तर गोष्ट पॅरिसची आहे. १८४७ साली एर्नेस्त बुर्जे नावाचा गीतकार एका उपाहारगृहात बसला होता. तिथे त्याच्याच रचना वाजत होत्या. त्याने बिल द्यायचे नाकारले. माझ्या गाण्याचे तुम्ही देत नाही, तर तुमच्या पेयाचे मी का द्यावे, असा त्याचा सवाल. प्रकरण कोर्टात गेले, तो जिंकला आणि त्यातूनच १८५१ मध्ये फ्रान्समध्ये गीतकार-संगीतकारांची वसुली संस्था उभी राहिली. आपल्याकडे इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी १९६९ पासून आहे.

कंपनीवाला कागद घेऊन आला तर सही करण्यापूर्वी जाणकाराकडून वाचून घ्यावा. हक्क लेखी दिल्याशिवाय जात नाही. करारात मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षे धरली जाते. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीचा समान वाटा कंपनीला लिहून घेता येत नाही. तो फक्त वारसांना किंवा अशा सोसायटीला देता येतो. आणि हक्क विकला तरी ‘हे मी रचले’ म्हणण्याचा अधिकार विकला जात नाही.

गृहिणींनी विशेष लक्ष द्यावे अशी एक बाब. रचनाकाराच्या पश्चात हा हक्क ६० वर्षे वारसांकडे राहतो, ज्या वर्षी मृत्यू झाला त्याच्या पुढच्या वर्षापासून मोजून. डॉ. बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांची मुदत २०१६ अखेर संपली, म्हणून १ जानेवारी २०१७ पासून ते कोणालाही छापता येतात. वामनदादांच्या गीतांची मुदत २०६४ अखेरपर्यंत आहे. तुमच्या घरी सासऱ्यांची किंवा वडिलांची गाण्याची वही ट्रंकेत पडली असेल, तर दिवाळीच्या साफसफाईत ती रद्दीवाल्याच्या तराजूत जाण्याआधी पहिले पान उघडून तारीख आणि नाव आहे का ते पाहा. नसेल, तर ज्यांनी ती गाणी त्यांच्या तोंडून ऐकली ती माणसे हयात आहेत तोवर विचारून लिहून घ्या.